सरव्याची हाक

परत आल्यापासून आमच्या मराठी मंडळात जो भेटतो तो आधी हेच विचारतो, "मग, जेरुसलेम पाहिलंत का?" नाही पाहिलं. बेथलेहेम पाहिलं नाही, मृत समुद्रात तरंगले नाही. पाहिली ती एका डोंगरउतारावरची ऑलिव्हची झाडं, आणि ती मात्र इतक्या जवळून की फांद्यांचे ओरखडे अजून दोन्ही हातांवर आहेत. ज्यांना चर्च, मशिदी आणि हॉटेलातला नाश्ता यांची माहिती हवी असेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं. मला राग नाही.

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. "पण तिथे आपला काय हो संबंध?" याचं उत्तर जाताना मलाही ठाऊक नव्हतं. मी गेले ती मुलीवर लक्ष ठेवायला.

वेम्बली

लंडनमधल्या आमच्या वेम्बलीचं नवं स्टेडियम तेव्हा अर्धंमुर्धं उभं होतं आणि त्याची कमान माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. एका रविवारी मी तिच्याकडे बघत कणीक मळत होते, तेवढ्यात ऋताचा फोन आला. ऋता माझी एकुलती एक. जन्म इथलाच, मँचेस्टरला शिक्षिकेचं ट्रेनिंग करते.

"आई, तू पहिला ऐक, मग ओरड. मी ऑक्टोबरमध्ये वेस्ट बँकला जाणार आहे. ऑलिव्ह पिक करायला. इट्स टोटली सेफ. मोस्टली."

मग तिने समजावून सांगितलं. पॅलेस्टिनी गावांच्या शेतांच्या डोक्यावर इस्रायली वसाहती बसल्या आहेत. तोडणीच्या दिवसांत वसाहतींमधले काही लोक शेतात उतरतात, शेतकऱ्यांना हुसकावतात, झाडं कापतात. सोबत परदेशी माणसं असली की ते जरा आवरतं घेतात. म्हणून ब्रिटनमधून स्वयंसेवकांचे असे गट जातात.

"म्हणजे तू तिथे बुजगावणं म्हणून उभी राहणार?"

"एक्झॅक्टली!"

"मग एकाच्या जागी दोन बुजगावणी ने. मी येते."

आमच्या घरात माझ्या हट्टाला सगळे वचकून असतात, पण या वेळी 'ह्यां'नी प्रयत्न करून पाहिला. "ऐन दिवाळीच्या तोंडावर? घराची साफसफाई राहिली आहे आणि तू लोकांच्या शेतात राबायला निघालीस?" मी म्हटलं, साफसफाई तुम्ही करा, म्हणजे दोन्ही कामं होतील. ईलिंग रोडवरून मी चांगल्या जाड तळव्यांचे बूट घेतले, दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि निघाले.

ती चटणी तेल अवीवच्या विमानतळावर अडली. एक विशीतली पोरगी ती लाल पूड प्रकाशात धरून बघत राहिली. हे काय आहे, कशासाठी, कोणी दिलं? मी सांगितलं, शेंगदाणे, लसूण, तिखट, आणि कोणी दिलं म्हणजे काय, मीच कुटली. विश्वास बसेना तेव्हा मी तिथेच बोट बुडवून चाटून दाखवलं. तिनेही मग किंचित चाखली. डोळ्यांत पाणी आलं, पण शिक्का मिळाला. ऋता चार पावलं पुढे जाऊन, आपण या बाईला ओळखतच नाही असा चेहरा करून उभी होती.

गाव

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचं आहे. नाब्लुसच्या दक्षिणेला, पांढरट दगडांच्या डोंगरात ते आहे एवढं पुरे. उतारावर पायऱ्यांसारख्या दगडी ताली रचलेल्या आणि प्रत्येक तालीवर झाडं. आमच्याकडे पुरंदरच्या बाजूला अशा ताली आहेत, त्यामुळे मला पहिल्याच नजरेला ते ओळखीचं वाटलं. फक्त डोंगराच्या माथ्यावर लाल कौलांची, एकसारखी, कुंपणाआडची घरं होती. ती वसाहत.

आमचा गट लहान होता. प्रमुख कॉलिन, शेफिल्डचा निवृत्त पोस्टमन. उंच, मितभाषी, गुडघे गेलेले, तरी दरवर्षी येणारा. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या घरधन्याला सगळे अबू सालेह म्हणत. तिथे आईबापांना मुलाच्या नावाने हाक मारतात. सालेह मोठा मुलगा, तो पोटापाण्यासाठी अम्मानला. म्हणून बाप अबू सालेह, आई उम्म सालेह. आपल्याकडे आळीत अजून 'ऋताची आई' म्हणतात, तसंच. पहिल्या संध्याकाळीच मी उम्म ऋता झाले.

बोलायचं कसं याची मला काळजी होती, ती अबू सालेहनी मिटवली. तरुणपणी ते कुवेतमध्ये बांधकामावर होते आणि तिथल्या भारतीय गवंड्यांकडून हिंदी शिकले होते. व्याकरण मोडकं, शिव्या मात्र अस्सल. मी भारतातली असं कळताच त्यांनी दोन्ही हात पसरले. "अरे, आओ, आओ! इंडिया! चाय पियो!" चहा आला तो दुधाशिवाय, साखरेचा पाक आणि वर सेज नावाच्या सुवासिक झुडपाची पानं. पहिला घोट घेताना मी मनात रामनाम घेतलं. तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागत होते.

जेवायला उम्म सालेहनी तव्याएवढ्या गरम भाकऱ्या पुढ्यात टाकल्या, एका वाटीत हिरवंगार तेल आणि दुसरीत झातर, म्हणजे रानओव्याची आणि तिळाची सुकी चटणी. भाकरी आधी तेलात, मग चटणीत. मी माझी शेंगदाण्याची पूड काढून शेजारी ठेवली. त्या माउलीने भाकरी तेलात बुडवली, माझ्या चटणीत दाबली, खाल्ली आणि डबा उचलून सरळ आपल्या फडताळात ठेवला. त्यानंतर तो मला दिसला नाही.

त्याच रात्री जेवताना अबू सालेहनी आम्ही कशासाठी आलो आहोत ते नीट सांगितलं. खालच्या तालींवरची झाडं घरच्या माणसांनी तोडली होती. प्रश्न होता वरच्या तालींचा. त्यांच्या आजोबांनी लावलेली ती झाडं आता वसाहतीच्या रस्त्यापलीकडे, इस्रायली लष्कराच्या फाटकाआड गेली होती. मागची दोन वर्षं त्यांना वर जाऊच दिलं नव्हतं. आणि तुर्कांच्या काळातला एक कायदा तिथे अजून वापरतात: जमीन काही वर्षं कसली नाही तर ती पडीक ठरवून सरकारजमा करता येते.

"इस साल नहीं गया, तो खलास," ते म्हणाले आणि हाताने जेवणाच्या चादरीवरचे तुकडे बाजूला सारले.

यंदा दोन दिवसांची परवानगी मिळाली होती. दोन दिवसांत वरचं शेत उतरवायचं. तेलाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न होता की हे शेत कोणाचं.

वरच्या ताली, पहिला दिवस

सकाळी फाटकाशी मिरिअम भेटली. जेरुसलेमची इस्रायली ज्यू बाई, माझ्याच वयाची, डोक्यावर मुलाची जुनी टोपी. हिब्रू आणि अरबी दोन्ही फाडफाड बोलणारी. अशा दिवसांत ती आणि तिच्या काही मैत्रिणी शेतकरी आणि शिपाई यांच्यामध्ये उभ्या राहतात. मी विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात? ती म्हणाली, "माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्यामुळे घर बरंच शांत आहे."

लष्कराच्या अधिकाऱ्याने फाटक उघडलं. पस्तिशीचा, राखीव दलातून बोलावलेला, झोप न झालेला माणूस. शेत पाहून उम्म सालेह पहिल्या झाडाच्या बुंध्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. दोन वर्षांचं गवत कमरेएवढं माजलं होतं. कडेची काही झाडं करवतीने कापलेली होती, पण त्यांच्या खोडांतूनही पालवी फुटली होती.

ऑलिव्ह तोडायचं काम साधं आहे. झाडाखाली ताडपत्री पसरायची, फांदी मुठीत सैल धरायची आणि धार काढल्यासारखी मूठ खाली ओढायची. फळं टपटप पडतात. ऋताने एक काठी उचलून चिंचा झोडपाव्या तशी फांदी झोडली, तर अबू सालेह ओरडले. झोडलं की पुढच्या वर्षीचे डोळे तुटतात. पुढच्या वर्षीचा एवढा विचार करणारा तो माणूस मला मनापासून आवडला.

दुपारच्या आत वसाहतीतून चारपाच जण उतरले. त्यातला एक पुढे आला. चाळिशीचा, दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, खांद्याला बंदूक. आणि तोंड उघडलं तर काय, अस्सल उत्तर लंडनची इंग्रजी!

"कुठून आलात तुम्ही?"

"वेम्बलीहून."

"खरंच? मी एजवेअरचा. ईलिंग रोडवर आम्ही आंबे आणायला जायचो. पेटीने."

आता काय बोलणार? हजारो मैलांवर, हातात ऑलिव्हची फांदी, समोर बंदूक आणि आम्ही आंब्यांच्या दुकानांची चौकशी करतोय. तो म्हणाला, "आंटी, हे तुमचं भांडण नाही. तुम्हाला हे लोक वापरून घेताहेत. ही जमीन आम्हाला देवाने दिलेली आहे. माझी मुलं इथे जन्मली."

मी म्हटलं, "माझी मुलगी वेम्बलीत जन्मली. म्हणून शेजाऱ्याची बाग तिची होत नाही."

"तुम्हाला इतिहास माहीत नाही."

"नसेल. पण ही झाडं कोणी लावली ते त्या बाईला माहीत आहे," मी उम्म सालेहंकडे बोट दाखवलं, "आणि तुम्हालाही."

तो वळला, भरून ठेवलेल्या पोत्याशी गेला आणि पायाने ते आडवं केलं. मग दुसरं. त्याच्या सोबत्यांनी उरलेली उलटी केली. सकाळभराची फळं दगडांत, काट्यांत, गवतात गेली. कोणीतरी ढेकूळ भिरकावलं, ते कॉलिनच्या खांद्याला लागलं. ऋता रडायला लागली. भीतीने नाही, संतापाने. अबू सालेह एक पाऊल पुढे झाले तशी मिरिअमने त्यांच्या छातीला हात लावला आणि अरबीत दोनच शब्द बोलली. ते थांबले. तिथे हात उगारला असता तर फाटक कायमचं बंद झालं असतं.

अधिकारी आला. त्याने वसाहतवाल्यांना मागे लोटलं आणि मग आम्हाला सांगितलं, वातावरण तापलं आहे, सगळ्यांनी निघायचं. म्हणजे लाथ मारणाऱ्यालाही घरी आणि लाथ खाणाऱ्यालाही!

तेव्हा मी खाली बसले. त्यात शौर्य काही नव्हतं. अन्न सांडलेलं बघवत नाही, एवढंच. मांडी घातली, पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली आणि तांदूळ निवडावे तशी काट्यांतून फळं निवडायला लागले. उम्म सालेह शेजारी बसल्या. ऋता डोळे पुसून बसली. अधिकारी मिरिअमला म्हणाला, यांना सांग निघा. मिरिअम म्हणाली, "सांगते," आणि तीही बसली. चार बायका जमिनीवर बसून निवडताहेत, यांना उचलायचं कसं, असा प्रश्न त्याला पडला असावा. तो बुटाने दगड उकरत उभा राहिला. आम्ही शेवटचं पोतं बांधूनच उठलो, पण अर्धा दिवस गेला तो गेलाच.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी उजाडता फाटकाशी हजर. परवानगी सूर्य बुडेपर्यंत. कॉलिन शिडीवर, गुडघ्यांना पट्ट्या बांधून. दुपारचं जेवण उभ्याउभ्याच झालं. वसाहतवाले वर कुंपणाशी बसून बघत होते, एजवेअरचाही होता. पण अधिकाऱ्याने आज मध्ये दोन शिपाई उभे केले होते.

उन्हं कलली तेव्हा शेवटची ताल चालू होती. आणि इथे मी घोटाळा केला.

माझा स्वभाव असा की पातेलं बोटाने निपटल्याशिवाय घासायला टाकायचं नाही. सगळे शेवटच्या झाडांवर तुटून पडलेले, आणि माझं लक्ष मागे गेलं. आधीच्या झाडांच्या शेंड्यांवर, आतल्या फांद्यांत फळं राहिलेली! ताडपत्रीबाहेर पडलेलीही तशीच. काय हा धसमुसळेपणा, म्हणत मी शिडी ओढत परत गेले आणि एकेक फळ टिपायला लागले.

"आई, कम ऑन! तो झाड झाला ना आता!" ऋता ओरडली.

"झाला नाही, झालं. आणि झालेलं नाही. हे बघ किती राहिलंय!"

अबू सालेह तरातरा आले. आजपर्यंत माझ्याशी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "उम्म ऋता, छोडो! नीचे आओ! वो हमारा नहीं है."

"तुमचं नाही? मग कोणाचं? त्या वरच्यांचं?"

ते शिडी धरून म्हणाले की मालकाची तोडणी झाली की झाडावर आणि जमिनीवर जे राहतं ते ज्याच्याकडे झाड नाही त्याचं. गावातल्या विधवा, भूमिहीन येऊन ते वेचतात. मालक मागे फिरून ते घ्यायला लागला तर गाव त्याला चोर म्हणतं.

मी शिडीवरच थिजले. अहो, हा तर सरवा! फलटणजवळ माझं माहेर. ज्वारीची कापणी झाली की पडलेली कणसं वेचायला बायका यायच्या आणि आई आम्हाला त्या शेतात पाऊल टाकू द्यायची नाही. जन्म माझा शेतकऱ्याच्या घरातला, आणि इतक्या वर्षांच्या वेम्बलीने मला झाडाचं पातेलं करायला शिकवलं होतं. मी खाली उतरले. पण जीभ गप्प बसेना.

"ते खरं, पण इथे कोण येणार वेचायला? तुम्हालाच दोन वर्षांनी येऊ दिलं. हे पक्षी खाणार नाही तर ते कुंपणवाले."

शेवटच्या झाडाखालची ताडपत्री गोळा झाली, पोती गाढवांवर चढली. अधिकारी घड्याळाकडे बघत आला. "झालं? चला मग."

"माझं झालं," अबू सालेह म्हणाले. मिरिअम हिब्रूत सांगत होती, आम्हाला इंग्रजीत. "शेताचं झालं नाही. सरवा राहिलाय."

अधिकाऱ्याला कळेना. तोवर अबू सालेह तालीच्या टोकावर जाऊन उभे राहिले होते. तिथून खाली सगळं गाव दिसतं. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी हाक दिली, लांब, घसा ताणून. त्यांचे वडील याच दगडावरून अशी हाक द्यायचे, असं उम्म सालेहनी मला नंतर सांगितलं. हाकेत एवढंच असतं: आमचं उरकलं, या.

खाली काही हललं नाही. पुन्हा हाक दिली. मग एका गच्चीवर कोणी बाई उभी राहिली. मग दुसऱ्या.

"परवानगी यांच्या कुटुंबाची आहे," अधिकारी म्हणाला. "गावाची नाही."

मिरिअम म्हणाली, "परवानगी तोडणीची आहे. सरवा उचलेपर्यंत तोडणी पुरी होत नाही. आपल्याही धर्मग्रंथात हेच सांगितलंय, शाळेत तूही शिकला असशील: शेताचा कोपरा आणि खाली पडलेलं गरिबांसाठी ठेवावं." कुंपणाशी बसलेल्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने ती बोलत होती. एजवेअरचा माणूस उठून उभा राहिला.

"निघा आता," अधिकारी म्हणाला.

अबू सालेह दगडावर बसले. उम्म सालेह बसल्या. मीही बसले, आणि या वेळी मला कळत होतं की मी का बसते आहे. ऋता माझ्या खांद्याला टेकून बसली आणि कानात म्हणाली, "आई, आपण उठायचा नाही हां." मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. सर्वांत शेवटी कॉलिन, गुडघ्यांवर हात दाबत, शिडी टेकून खाली बसला.

पायवाटेने बायका वर येत होत्या. पुढे एक म्हातारी, काळा झगा, हातात पत्र्याची बादली. त्या फाटकाशी येऊन थांबल्या. अधिकाऱ्याने पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य डोंगराच्या वर होता, जेमतेम, पण होता. तो आमच्याकडे बघत राहिला, मग कुंपणाकडे, मग त्या म्हातारीकडे. शेवटी शिपायाला हाताने खूण केली.

"सूर्य बुडेपर्यंत. एक मिनिट जास्त नाही."

फाटक उघडलं. त्या दोन दिवसांत त्या डोंगरावर प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट त्या अधिकाऱ्याला विचारली होती: आत येऊ का, पाणी आणू का, गाढव वर नेऊ का. अबू सालेहनीसुद्धा. म्हातारी आत आली ती त्याच्या आणि त्याच्या शिपायांच्या बाजूने चालत गेली, मान न वळवता. झाडांपर्यंत पोचली, पण फळाला हात लावला नाही. अबू सालेहंसमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "घेऊ का?"

अबू सालेह उठून उभे राहिले. अंगावरचा पाला झटकला. शिपाई ऐकत होते, कुंपणाशी तो एजवेअरचा ऐकत होता, आम्ही ऐकत होतो.

"घे," ते म्हणाले.